पहिल्या पानावर कुणाला जागा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या विहारात वर्षावासानिमित्त प्रवचनमालिका चालू होती. एका रविवारी प्रवचन संपले, खीरदान झाले आणि तरुण मुलांमध्ये वाद पेटला. वाद जुनाच, चळवळीत दर दोन वर्षांनी होणारा. बाबासाहेबांच्या घोषणेत संघटन आधी की संघर्ष आधी? विहाराच्या भिंतीवर 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असे निळ्या अक्षरात रंगवलेले आहे. एक मुलगा म्हणाला, हा क्रमच चुकीचा आहे. दुसरा भडकला. लगेच तिघांनी खिशातून तीन मोबाईल काढले आणि तीन वेगवेगळ्या सर्च इंजिनांवर प्रश्न टाकला. एकाला घोषणेचे रंगीत चित्र मिळाले. दुसऱ्याला कुठल्याशा स्पर्धा परीक्षेच्या क्लासचे पान मिळाले. तिसऱ्याला यंत्राने स्वतःच तयार केलेला एक सफाईदार परिच्छेद मिळाला, पण त्यात भाषणाचे गाव आणि साल दोन्ही चुकलेले होते.

शेवटी गिरणीतून निवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ उपासक उठले. त्यांनी कपाटातून महाराष्ट्र शासनाच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस'चा सतरावा खंड, भाग तिसरा काढला आणि जुलै १९४२ मधील नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेतले इंग्रजी भाषण उघडून पुढ्यात ठेवले. तेथे आधी शिक्षण, मग आंदोलन, मग संघटन असा क्रम आहे. आता मराठीत रुळलेला क्रम बदलावा की नाही हा वाद त्याने मिटला नाही. तो पुढच्या रविवारीही चालला. पण निदान पुरावा सतरंजीवर आला, आणि तो मोबाईलवरच्या तीन यंत्रांपैकी एकानेही आणून दिला नव्हता.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. आपली मुले आज कुठलीही गोष्ट प्रथम सर्च इंजिनला विचारतात. नोकरी, शिष्यवृत्ती, कायदा, इतिहास, धम्म, सगळे. ज्याला विचारतो तो कोण आहे, त्याचे पोट कशावर भरते, तो उत्तर कसे निवडतो, हे कोणी विचारते का? चळवळीत आपण वर्तमानपत्राचा मालक कोण हे विचारायला शिकलो. सर्च इंजिनचा मालक कोण हे मात्र विचारत नाही.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. त्याची जाहिरात 'केसरी'कडे पाठवली होती, पैसे देण्याची तयारी होती, तरी ती छापली गेली नाही, हे प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याला पाठ आहे. त्या काळी एका संपादकाच्या टेबलावर ठरत होते की वाचकाच्या नजरेला काय पडावे आणि काय पडू नये. आज ते टेबल दिसत नाही. प्रत्येकाला आपले पान इंटरनेटवर टाकता येते, कोणी अडवत नाही. परंतु ते पान शोधणाऱ्याला दिसले पाहिजे ना? दहाव्या पानावर असलेली गोष्ट कोण बघायला जातो? पहिल्या पानावरची पहिली तीन उत्तरे, एवढेच बहुतेकांचे इंटरनेट असते.

आम्ही इंटरनेट वापरायला सायबर कॅफेत शिकलो. तासाला पैसे मोजावे लागत, त्यामुळे शोध नेमका घ्यावा लागे. त्या वेळी दुकाने पुष्कळ होती. याहू हे १९९४ साली दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेले. तेथे माणसे बसून संकेतस्थळांची विषयवार यादी करीत, ग्रंथालयातल्या तालिकेसारखी. १९९५ साली आलेले अल्टाव्हिस्टा पानांमधले शब्द न् शब्द शोधायचे. ढीग मोठा असायचा, पण कामाचे वर आणि निकामी खाली अशी लावालाव त्याला नीट जमत नसे. आस्क जीव्हज नावाचे एक होते, ज्याला पूर्ण वाक्यात प्रश्न विचारायचा. मग १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गुगल काढले. त्यांची युक्ती अशी की ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते पान महत्त्वाचे, आणि बोट दाखवणारे पान स्वतः प्रतिष्ठित असेल तर त्याच्या बोटाला वजन जास्त. ही युक्ती इतकी चालली की बाकीची दुकाने एकेक करून बसली. अल्टाव्हिस्टा २०१३ साली बंद झाले, याहूची माणसांनी केलेली यादी २०१४ अखेर बंद झाली. आपल्या देशातही २००६ साली बंगळुरूतून 'गुरुजी डॉट कॉम' निघाले होते. तेही टिकले नाही.

वाचकहो, ही बोटाची युक्ती जरा नीट पाहा. प्रतिष्ठित ज्याच्याकडे बोट दाखवील तो प्रतिष्ठित! ही व्यवस्था आपल्याला नवी आहे काय? गावात पाटलाने ज्याची ओळख सांगितली तो भला माणूस आणि ज्याला कोणी ओळख दिली नाही तो वेशीबाहेर. संगणकाला जात कळत नाही हे खरे. पण ज्यांची संकेतस्थळे आधीपासून मोठी, ज्यांच्या विद्यापीठांना, वृत्तपत्रांना, संस्थांना सगळे जोडलेले, त्यांचेच वजन वाढत जाते, आणि उशिरा आलेल्या, कोणाचे बोट नसलेल्या पानाला वर यायला जन्म जातो. यंत्राने भेदभाव करायचे ठरवलेच पाहिजे असे नाही. समाजातली उतरंड त्याने जशीच्या तशी मोजली तरी पुरते. आज क्रमवारी लावताना शेकडो गोष्टी विचारात घेतल्या जातात, नुसती बोटे मोजली जात नाहीत, हे मान्य. तरी मूळ तर्क तोच आहे.

काळ्या अमेरिकनांनी हे आपल्या आधी ओळखले. लटानिया स्वीनी या हार्वर्डच्या काळ्या प्राध्यापिका. स्वतःचे नाव गुगलवर शोधताना त्यांना अटकेच्या नोंदी विकणारी जाहिरात दिसली. त्यांना कधी अटक झालेलीच नव्हती. त्यांनी नावांची यादी घेऊन तपासले आणि २०१३ साली दाखवून दिले की काळ्यांमध्ये प्रचलित असलेल्या नावांसोबत अशा जाहिराती जास्त झळकतात. साफिया नोबल यांनी 'अल्गोरिदम्स ऑफ ऑप्रेशन' हे पुस्तक २०१८ साली लिहिले. काळ्या मुलींविषयी शोध घेतला तर अश्लील संकेतस्थळे पुढे येतात, येथून त्यांचा अभ्यास सुरू झाला. पुढे कंपनीने ते निकाल बदलले. म्हणजे बदलता येतात! ओरड झाली की बदलतात, हाही त्यातला धडा आहे.

आणि कंपनीच्या आत काय? एप्रिल २०२२ मध्ये गुगलच्या बातम्या विभागात जातिभेदावर थेनमोळी सौंदरराजन यांचे व्याख्यान ठरले होते. काही कर्मचाऱ्यांनी त्या हिंदूविरोधी आहेत अशी आवई उठवली आणि व्याख्यान रद्द झाले. ते ठरवणाऱ्या अधिकारी तनुजा गुप्ता यांनी राजीनामा दिला. कंपनीने आमच्याकडे जातिभेदाला थारा नाही असे सांगितले. थारा नाही, तर मग जातीवरच्या व्याख्यानाला तरी थारा का नसावा?

आता पैशाचे पाहू. सर्च इंजिन फुकट आहे, म्हणजे गिऱ्हाईक दुसराच कोणी आहे. गुगलच्या दोघा संस्थापकांनी १९९८ सालच्या आपल्या शोधनिबंधातच लिहून ठेवले होते की जाहिरातीवर जगणारे सर्च इंजिन जाहिरातदाराकडे झुकणारच. नंतर त्यांनी तोच धंदा केला. अमेरिकेच्या न्यायालयात ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल लागला की गुगलने शोधाच्या बाजारात बेकायदेशीर मक्तेदारी राखली. त्या खटल्यात बाहेर आले की मोबाईल आणि ब्राउझरमध्ये आपलेच इंजिन आधीपासून बसवलेले असावे म्हणून या कंपनीने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर वाटले. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अशा एकट्यापुरत्या करारांना बंदी घातली, मात्र कंपनी तोडली नाही आणि पैसे देण्यावरही पूर्ण बंदी आणली नाही. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने शोधाच्या निकालात पक्षपात केल्याबद्दल फेब्रुवारी २०१८ मध्ये गुगलला सुमारे १३६ कोटींचा दंड केला होता. त्या प्रकरणातला एक तक्रारदार कोण होता माहीत आहे? जातवार स्थळे दाखवणारी एक विवाहजुळणी कंपनी! भांडण बाजारातल्या जागेचे होते. जात दोघांनाही खुपली नव्हती.

हे झुकणे आपल्या मुलाला किती महाग पडते त्याचे एक उदाहरण देतो. आमच्या ओळखीतला, मराठवाड्यातून शिकायला आलेला मुलगा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. मोबाईलवर शोधले, सगळ्यात वर जे आले त्यावर बोट ठेवले. ती जाहिरात होती. पान सरकारी वाटावे असे रंगवलेले. नोंदणी शुल्क म्हणून त्याने पाचशे रुपये भरले, कागदपत्रांचे फोटो दिले, जातीचा दाखलासुद्धा. महिनाभर वाट पाहिली. अर्ज कुठेच गेलेला नव्हता आणि खरी मुदत संपत आली होती. शेवटच्या दिवशी वसतिगृहातल्या एका सिनिअर मुलाने खऱ्या पोर्टलवर अर्ज भरून घेतला म्हणून वर्ष वाचले. पहिल्या ओळीच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' असे लिहिलेले असते. ते वाचायला या मुलांना कोणी शिकवले? सरकारी काम असेल तर पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघ, एवढे वाक्य प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर रंगवायला हवे.

तुम्ही स्वतः काय वापरता, असे मला नेहमी विचारले जाते. सांगतो. मराठीत शोधायचे असेल तर मी आजही गुगलच उघडतो. इतके बोलून शेवटी गुगलच, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. मराठी शब्दाला विभक्ती चिकटते. 'आंबेडकर'चे 'आंबेडकरांनी', 'आंबेडकरांच्या', 'आंबेडकरांविषयी' होते, आणि ही सारी एकाच शब्दाची रूपे आहेत हे त्याला इतरांपेक्षा बरे कळते असा माझा अनुभव आहे. पुस्तकांच्या आत शोधण्याची त्याची सोयही उपयोगी आहे. पण त्याच प्रश्नावर मी बिंगही पाहतो. मायक्रोसॉफ्टने ते २००९ साली काढले. दोन पंच बरे, एवढाच हेतू. आजारपण, घरगुती भांडण, पोलीस तक्रार, अॅट्रॉसिटीचा गुन्हा कसा नोंदवायचा, असे काही शोधायचे असेल तर डकडकगो वापरतो. नाव बदकाचे आहे, पण ते तुमच्या शोधांची वही ठेवत नाही. कार्यकर्त्याने कुठला कायदा शोधला याची नोंद कुठल्याही कंपनीकडे कशाला राहावी?

मात्र एक भ्रम नको. दुकाने अनेक दिसली तरी गोदामे दोनच आहेत. याहू आज बिंगचा माल विकते. डकडकगोचाही बराचसा माल बिंगचा. स्टार्टपेज नावाचे एक डच दुकान गुगलचा माल तुमचे नाव न सांगता आणून देते. स्वतःचे गोदाम बांधणारे थोडे, त्यात २०२१ साली आलेले ब्रेव्ह आहे. इंग्रजीत ठीक, मराठीत अजून त्याचा आवाका छोटा वाटला. रशियाने यांडेक्स उभे केले, चीनने बायडू, कोरियाने नेव्हर. महासत्ता होण्याच्या गप्पा मारणाऱ्या या देशाकडे स्वतःचे एकही चालते सर्च इंजिन नाही.

आणि खरे सांगायचे तर चळवळीच्या कामासाठी मी यापैकी कशावरच विसंबत नाही. बाबासाहेबांचे शब्द हवे असतील तर सरळ परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जाऊन शासनाचे इंग्रजी खंड उघडतो. 'जातिप्रथेचे विध्वंसन'चा मूळ इंग्रजी पाठ कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टिपांसह आहे. बाबासाहेब जिथे शिकले त्या विद्यापीठाने तो जगाला फुकट दिला. न्यायालयाचे निकाल हवे असतील तर 'इंडियन कानून'. जुनी मराठी पुस्तके आणि बंद पडलेली संकेतस्थळे 'इंटरनेट अर्काइव्ह'वर. थेट घरी जाता येत असेल तर वाटाड्या कशाला? शोधायचेच असेल तर पूर्ण वाक्य अवतरण चिन्हात टाका, म्हणजे तेच शब्द असलेली पाने येतात. बाबासाहेबांच्या नावावर खपवलेली किती वाक्ये या एका चाचणीत गळून पडतात ते करून पाहा. कुठल्याही खंडाचा, पानाचा पत्ता नाही, नुसती चित्रेच चित्रे!

आता नवी गोष्ट आली आहे. सर्च इंजिन पाने दाखवण्याऐवजी स्वतःच उत्तर लिहून देते. गुगलने हे मे २०२४ मध्ये अमेरिकेत सुरू केले, तेव्हा पिझ्झ्यावरचे चीज सरकू नये म्हणून त्याला गोंद लावा असा सल्ला त्याने दिल्याचे जगभर गाजले. त्याच वर्षी ते भारतात आले. गोंदाची चूक हसून सोडता येते. पण धर्मांतराच्या २२ प्रतिज्ञा किंवा पुणे करार यांविषयी असे सफाईदार, बिनपुराव्याचे उत्तर मिळाले तर? पूर्वी निदान दहा पाने समोर असत, कोण बोलतोय ते दिसे. आता बोलणारा दिसतच नाही. भिक्खू असो वा प्राध्यापक, कोणाचेही म्हणणे तपासून घ्यावे ही बुद्धाची शिकवण. यंत्राला त्यातून सूट का द्यावी?

पण दोष एकट्या यंत्राचा आहे काय? येथे आपल्याला स्वतःकडे बोट करावे लागते. सर्च इंजिन शब्द शोधते. शब्दच लिहिलेला नसेल तर ते काय शोधणार? २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांत जात नव्हती. अनैतिक संबंध, गावकऱ्यांचा राग अशी भाषा होती. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी ठरवले, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. आजही गावोगावच्या बातम्यांत 'जुन्या वादातून', 'दोन गटांत हाणामारी' असेच छापले जाते. उद्या एखादा संशोधक 'जातीय अत्याचार' असे शब्द टाकून शोधील तेव्हा या बातम्या त्याला सापडणार नाहीत. कोणी काही लपवले असे त्याला वाटणारही नाही. त्याला वाटेल, अत्याचार कमी झाले!

ज्यांनी त्या वेळी खरे लिहिले ती आपली वर्तमानपत्रे, पाक्षिके, पत्रके. ती कुठे आहेत? आपल्यापैकी बहुतेकांनी वर्षानुवर्षे शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फाँटमध्ये मजकूर जुळवला. तो इंटरनेटवर टाकला तरी यंत्राला तो रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. पुढे ई-पेपर आले, पण पानाचे नुसते चित्र. चित्रातली अक्षरे कधी वाचली जातात, कधी नाहीत, आणि तीन स्तंभांत मोडलेल्या मराठी मजकुराची तर खिचडी होते. प्रस्थापितांची वर्तमानपत्रे कधीच युनिकोडवर गेली. त्यामुळे त्यांचे खोटे सापडते आणि आमचे खरे सापडत नाही. पैसा नव्हता हे खरे कारण आहे. पण युनिकोडला पैसा लागत नाही.

शुद्धलेखनाचेही तसेच. येथे पांडित्य दाखवायचे नाही, ज्ञानभाषेच्या नावाखाली आपल्या बोलीला हसणाऱ्यांची बाजू तर मुळीच घ्यायची नाही. पण यंत्र अक्षर मोजते. आपल्या शेकडो विहारांच्या पाट्यांवर, स्मरणिकांवर 'बौध्द' असे लिहिलेले आहे, धला द जोडून. जुन्या फाँटमधून ही सवय लागली. योग्य जोडाक्षर 'द्ध', आधी द, मग ध. 'सिध्दार्थ', 'शुध्दोदन' यांची तीच गत. दोन्हींत फरक काय, असे आपल्याला वाटते. यंत्राला ते दोन वेगळे शब्द आहेत. कधी ते सुधारून घेते, कधी नाही. आपलाच इतिहास आपण दोन ढिगांत वाटून ठेवला आहे. आणि 'जयभीम' शोधले तर? २०२१ सालचा तमिळ चित्रपट. चित्रपट चांगला आहे, पण या अभिवादनाचा इतिहास मराठीत, पुराव्यासह, शोधता येईल असा आपल्यापैकी किती जणांनी लिहिला? मराठी विकिपीडिया २००३ पासून सर्वांना खुला आहे. तेथे लिहायला कोणाच्या शिफारशीची गरज नाही, फक्त संदर्भ द्यावा लागतो, आणि सर्च इंजिने त्या पानांना वर ठेवतात. आपल्या प्राध्यापक मंडळींनी वर्षाकाठी एक सत्कार कमी घेतला तरी दहा लेख होतील.

त्या रविवारच्या वादानंतर आमच्या विहारात एक काम सुरू झाले आहे. कपाटात १९७० पासूनच्या जयंती स्मरणिका पडून आहेत. त्यात गायरान जमिनीच्या सत्याग्रहाला, नामांतराच्या लढ्याला गेलेल्या वस्तीतल्या माणसांच्या आठवणी आहेत, त्या दुसरीकडे कुठेही नाहीत. वाद घालणारी तीच तीन मुले दर रविवारी दोन तास बसून ते मोबाईलवर युनिकोडमध्ये टाइप करतात. कुणी बोलून टाइप करतो, कुणी बोटाने. चाळीस पाने झाली आहेत. गिरणीवाले उपासक चष्मा लावून शेजारी बसतात आणि मधूनच ओरडतात, ''अरे, द आधी, ध नंतर!''